हिशेब न मागणारी क्षमा

चित्रकथा म्हटली की ती मुलांच्या हाती देऊन आपण मोकळे होतो. तिच्यात मुखवटा घातलेला एखादा अचाट नायक असला, तर विचारायलाच नको. तथापि अशाच एका अमेरिकन चित्रकथेने क्षमेविषयीचा जुना प्रश्न आमच्यापुढे नव्याने उभा केला.

'डेअरडेव्हिल' ही मालिका स्टॅन ली व बिल एव्हरेट यांनी १९६४ साली सुरू केली. तिचा नायक मॅट मर्डॉक हा न्यूयॉर्कमधील वकील. लहानपणी एका वृद्धाला ट्रकखाली येण्यापासून वाचवताना त्याची दृष्टी गेली. उरलेली इंद्रिये मात्र इतकी तीक्ष्ण झाली की समोरच्याच्या हृदयाचे ठोके ऐकून तो खोटे ओळखतो. पुढे मालिकेचा खप घसरला. १९७९ मध्ये फ्रँक मिलर हा तरुण तिची चित्रे काढू लागला आणि १९८१ पासून कथाही लिहू लागला. त्याचे खरे धाडस दिसले ते १९८६ मध्ये, डेव्हिड मॅझुकेली या चित्रकारासह रचलेल्या 'बॉर्न अगेन' या कथेत. नायकाला नवी शक्ती देण्याऐवजी मिलरने त्याच्याकडचे सारे काढून घेतले.

कॅरन पेज ही मर्डॉकच्या कार्यालयातील एके काळची सचिव व त्याची प्रेयसी. हेरॉइनच्या आहारी गेलेली ती मेक्सिकोत एका मात्रेसाठी त्याचे गुपित विकते. ते किंगपिन या गुन्हेगारांच्या म्होरक्याकडे पोहोचते. मग मर्डॉकची बँकेतील खाती गोठतात, खोट्या साक्षीमुळे वकिलीची सनद जाते, घर स्फोटात उडते. वेडाच्या काठावर पोहोचलेल्या, जखमी मर्डॉकला सिस्टर मॅगी ही धर्मभगिनी आश्रय देते. ती त्याला कवेत घेते ते चित्र पाहताना पिएताची आठवण यावी. ती आपली आई आहे का, असे तो विचारतो. ती नाही म्हणते. तिचे हृदय मात्र खरे तेच सांगते. (धर्मभगिनीने खोटे बोलावे हे काही वाचकांना रुचणार नाही. आम्हांलाही क्षणभर रुचले नाही.)

आणि कॅरन परतते. पण कशी? ते गुपित ज्यांच्या हातून गेले त्या सर्वांना संपवण्याचा हुकूम किंगपिनने दिलेला असतो. मग ती पश्चात्तापाने आली की भीतीने? संत लूकच्या पंधराव्या अध्यायातील धाकट्या मुलालाही घर आठवले ते उपाशी पोटी. बापापुढे बोलायचे शब्द त्याने आधीच ठरवले होते. बापाने ते पुरते ऐकूनही घेतले नाहीत. मर्डॉकला तर हृदय ऐकू येते. तिच्या मनात भीती किती, प्रेम किती, याची झडती घेणे त्याला सहज शक्य होते. तो ती घेत नाही. तिला जवळ करतो.

येथे आम्ही अडखळतो. ज्या घरात व्यसनी मुलाने आईच्या बांगड्या विकल्या, त्या घराला 'हिशेब मागू नका' असे कोणत्या तोंडाने सांगावे? थोरल्या भावाचा राग आपण फार लवकर क्षुद्र ठरवतो. शिवाय कॅरनच्या त्या सौद्याची किंमत एकट्या मर्डॉकने मोजलेली नाही. त्याला उघड्यावर आणण्यासाठी किंगपिन एक सैनिक वस्तीवर सोडतो आणि निरपराध माणसे मरतात. त्यांच्या वतीने क्षमा करण्याचा अधिकार मर्डॉकला कोणी दिला? मिलर या प्रश्नापाशी थांबत नाही, मारामारीकडे वळतो. हा कथेचा दोषच आम्ही मानतो. आपल्यावरचा घाव आपण माफ करू शकतो, शेजाऱ्याच्या मुलावरचा नव्हे. प्रायश्चित्त संस्कारातही पापक्षमा मिळाल्यावर भरपाई उरतेच.

तरीही एक गोष्ट मिलरने अचूक हेरली आहे. दाखल्यातील बापाकडे द्यायला उत्तम झगा होता, अंगठी होती, पोसलेले वासरू होते. मर्डॉक त्या दिवसांत एका खानावळीत पदार्थ तळत असतो. सनद गेली ती गेलीच. अखेरच्या पानावर ती दोघे हेल्स किचनच्या रस्त्याने बरोबर चालताना दिसतात.