टॉलरन्सची किंमत

इंजिनिअरिंगचा विद्यार्थी ड्रॉइंगवर शाफ्टच्या व्यासापुढे ±०.०१ मिलिमीटर टॉलरन्स लिहितो. लेथवर भागणारं काम त्या आकड्याने ग्राइंडिंगला जातं, तपासणीचा वेळ वाढतो, रिजेक्शनही वाढतं. ±०.०५ चाललं असतं तर हा खर्च कशासाठी? मशीन डिझाइनच्या तासाला हे कोणी विचारत नाही, आणि कॉस्टिंगच्या तासाला ड्रॉइंग समोर नसतं.

नवी मुंबईत ही फट मला फार खटकते. नेरूळ-वाशीच्या इंजिनिअरिंग कॉलेजांपासून रबाळे, महापे, पावण्याच्या एमआयडीसीतले गाळे हाकेच्या अंतरावर आहेत. जॉबवर्क करणाऱ्या तिथल्या मालकाला हे दोन विषय वेगळे काढताच येत नाहीत. सेटिंगला वेळ जातो म्हणून बॅच मोठी घ्यावी, तर पैसा मालात अडकतो. लघुउद्योगाचं बिल जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकतं करावं, असं २००६चा कायदा सांगतो. तरी पैसे येईपर्यंत पगार, वीज आणि हप्ता थांबत नाहीत. सेटिंगचा खर्च आणि अडकलेल्या पैशाचं व्याज एकाच समीकरणात बसवलं ते फोर्ड हॅरिस या अमेरिकी इंजिनिअरने, १९१३ साली.

आपल्याकडे लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ड्रॉइंग शिकवत. पुढे बेळगावात त्यांनी लोखंडी नांगर केला, तेव्हा लोखंडाने जमीन नासते अशी शेतकऱ्यांची समजूत होती. नांगर ओतण्याइतकंच तो गळी उतरवणंही कष्टाचं ठरलं. १९१०ची किर्लोस्करवाडी या दोन्ही कष्टांवर उभी राहिली.

पवईच्या निटीमध्ये, म्हणजे आताच्या आयआयएम मुंबईत, ‘मंडी’ या उपक्रमात विद्यार्थी रस्त्यावर उभं राहून शैक्षणिक खेळणी विकत. हा उपक्रम मला मोलाचा वाटतो. पण स्वतः बनवलेली वस्तू विकताना तिच्यातलं प्रत्येक अनावश्यक मिनिट बोचतं, तो अनुभव त्याहून पुढचा.

वर्गात पैशाचा हिशेब शिरला की गुणवत्तेवर कात्री चालेल, अशी भीती अनेक प्राध्यापकांना वाटते. ती खोटी नाही. म्हणूनच हिशेब इंजिनिअरला यायला हवा. मेंटेनन्स पुढे ढकलला तर बेअरिंग कधी जाईल आणि लाइन किती तास बंद पडेल, हे कॉस्ट शीटवर तोच मांडू शकतो.

तिसऱ्या वर्षाच्या प्रत्येक गटाने रबाळ्यातल्या एखाद्या गाळ्यातला खरा जॉब घ्यावा, आधी कोटेशन द्यावं, मग तो कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये करून दाखवावा. तोंडी परीक्षेला प्राध्यापकांच्या शेजारी त्या गाळ्याचा मालक बसावा, आणि ±०.०१ का धरलं, हे त्याने विचारावं.