हौसेचा घाम

माणूस धावताना दिसला की त्याच्या मागे काहीतरी लागलेलं असणार, असा आमच्या दारव्ह्याचा समज आहे आणि तो चुकीचा म्हणता येणार नाही. इथे माणूस धावतो तो एस.टी. सुटते म्हणून, बैल सुटला म्हणून, नाहीतर कुत्रं सुटलं म्हणून. चोपन्नाव्या वर्षी, सकाळी साडेपाचला, अर्ध्या चड्डीतला एक मास्तर यवतमाळ रोडने धावतो आहे आणि त्याच्या मागे कुणीच नाही, हे दृश्य गावाच्या तर्कशास्त्रात बसेना. पहिले आठ दिवस लोक माझ्याकडे न बघता माझ्या मागे बघत. नवव्या दिवशी एकाने विचारलंच, "सर, शुगर निघाली काय जी?"

मला शुगर नाही. मला मॅरेथॉन आहे.

मॅरेथॉन म्हणजे ४२ किलोमीटर १९५ मीटर. दारव्ह्याहून यवतमाळला जायचं तर चाळीसेक किलोमीटर पडतात. म्हणजे ज्या प्रवासात एस.टी.तही पाठ धरते, तो पायांनी करायचा आणि वर थोडं जास्त. हा हिशेब असा अर्धामुर्धा का? तर १९०८ साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये ही शर्यत विंडसरच्या राजवाड्यापाशी सुरू झाली आणि स्टेडियममध्ये राजघराण्याच्या आसनासमोर संपली. मधलं अंतर तेवढं भरलं. पुढे १९२१ साली तेच कायम झालं. राजाने कुठे बसायचं यावरून इतरांनी किती धावायचं ते ठरलं. जगातली बरीच अंतरं अशीच ठरत असावीत.

वेगाचं म्हणाल, तर यवतमाळ-मूर्तिजापूर मार्गावरची आमची ती अडीच फुटी रुळांची शकुंतला बंद पडली, तेव्हापासून गावात सावकाश धावणारं म्हणून मीच उरलो आहे.

मॅरेथॉनचे जाणकार सांगतात की, मोठ्या शर्यतीआधी एखादी छोटी पण अवघड शर्यत धावून बघावी. माझी मोठी शर्यत जानेवारीत मुंबईला होती. म्हणून पावसाळ्यात मी साताऱ्याची हिल हाफ मॅरेथॉन निवडली. २०१२ पासून ही शर्यत होते. एकवीस किलोमीटर, यवतेश्वरचा घाट चढायचा आणि तोच उतरायचा. यवतमाळच्या माणसाने यवतेश्वराला जावं, यात काही दैवी संकेत असेल असंही मनात आलं. आमची ही म्हणाली, "पैसे भरून, रात्रभर प्रवास करून दमायला जायचं? माळा आवरायचा पडलाय. इथेच फुकट दमा."

हिचं बोलणं हसण्यावारी नेता आलं. रस्त्यावरच्या एका माणसाचं नेता आलं नाही. रोज सकाळी तो विळा-शिदोरी सायकलला अडकवून कुणाच्या तरी वावरात मजुरीला जायचा. मी चढावर धापा टाकत होतो, तो उतरून सायकल ढकलत होता. दोघांचा वेग सारखाच. तो म्हणाला, "सर, एवढी ताकत वाया घालवता, त्यापेक्षा वावरात या ना. निंदाले मानसं भेटत नाही."

तो थट्टेत म्हणाला. पण खडा बुटात शिरावा तसं ते वाक्य माझ्यात शिरलं. दिवसभर ओणवा होऊन तो जो घाम गाळणार, त्याची त्याला मजुरी मिळणार. मी जो गाळतो, त्याची मी फी भरतो. मग माझ्या घामाला किंमत काय? की तो नुसताच खारट पाण्याचा अपव्यय?

त्याच रस्त्यावर पोलीसभरतीची पोरं पळतात. त्यांचं अंतर सोळाशे मीटर आणि त्याला वीस गुण. एकेका सेकंदावर घरचं कर्ज, बहिणीचं लग्न आणि बापाचं वावर लटकलेलं. ती पोरं मला ओलांडून जाताना आदराने "सर, बाजूला" म्हणतात. त्यांच्या मागे खरंच काहीतरी लागलेलं असतं.

साताऱ्याला घाट लागला तेव्हा धुकं होतं, पाऊस होता आणि रस्ता सारखा वरच जात होता. सपाट काळ्या मातीतल्या माझ्या पायांना हा प्रकार नवा. सातव्या-आठव्या किलोमीटरला पोटऱ्यांनी संप पुकारला. शेजारून एक आजोबा, "चला मास्तर, थोडंच राहिलंय" असं धादांत खोटं बोलून पुढे गेले. मी मास्तर आहे हे त्यांनी कशावरून ओळखलं कोण जाणे. बहुधा चेहऱ्यावर पेपर तपासल्याचे भाव असावेत.

त्या चढावर मला एकच गोष्ट स्वच्छ दिसत होती. मला थांबता येतं. थांबलो तर गाडी येईल, कुणी केळं देईल, कुणी पाठ थोपटेल, रात्री मी गादीवर झोपेन. माझ्या दुःखाला दार आहे आणि दाराची कडी आतून आहे. निंदणाऱ्या माणसाच्या दुःखाला असं दार नाही. दुपारी दोनला तो "आज जमत नाही" म्हणाला, तर संध्याकाळची चूल विचारते.

कुणी म्हणेल, शरीराला काय कळतं? स्नायू हौसेने दुखला काय नि गरजेने दुखला काय, दुखणं तेच. स्नायूंपुरतं खरं आहे. पण माणूस नुसत्या स्नायूंचा नसतो. पुण्यात डेक्कन जिमखान्याच्या मैदानावर अनवाणी धावणारी शेतकऱ्यांची पोरं दोराबजी टाटांनी पाहिली आणि १९२० साली ॲंटवर्पच्या ऑलिंपिकला हिंदुस्थानचा संघ गेला. त्यात बेळगावचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉन धावले. २ तास ५० मिनिटं, एकोणिसावा क्रमांक. टाटांनी पाहिलेल्या त्या पोरांचे पाय कुठल्या तक्त्याने तयार झाले नव्हते. गरजेने कमावलेले पाय त्यांनी हौसेला दिले. आम्ही उलट: हौसेने पाय कमावतो आणि मग वाटतं, आपल्यालाही गरजेतलं काही कळलं.

तेवढं कळत नाही. पण अगदी काहीच कळत नाही असंही नाही. हौसेच्या घामाने पुण्य मिळत नाही, अंदाज मिळतो. शेवटचे दोन किलोमीटर म्हणजे काय, एवढा अंदाज. दमलेल्या माणसाला "थोडंच राहिलंय" म्हणणं किती सोपं आणि ऐकणं किती जड, एवढा अंदाज. आमच्याकडे पंख्याखाली बसून "हल्लीचे मजूर कामच करत नाहीत" असं म्हणणारी मंडळी पुष्कळ आहेत. माझं त्यांना सांगणं एवढंच आहे की, एकदा यवतेश्वर चढून या आणि मग बोला. चढून आल्यावर बोलायला दम उरत नाही, हा त्यातला मोठा फायदा.

शर्यत मी पुरी केली. शेवटून मोजलं तर क्रमांक चांगला होता. गळ्यात पदक पडलं. पूर्ण करणाऱ्या सगळ्यांनाच देतात. ते चांगलंच. पण सायकलवाल्याला रोज संध्याकाळी असं कुणी काही घालत नाही, हे आठवलं आणि पदक जरा जड वाटलं. तेव्हापासून मी मनाशी एक मोजमाप ठरवलं आहे. हौसेचा घाम खरा होता की खोटा, हे धावताना समजत नाही. तो वाळल्यावर समजतं. दुसऱ्याच्या मजुरीचे पैसे मोजताना हात आखडला, तर समजावं, एकवीस किलोमीटर नुसतेच पायाखालून गेले.