न दुखणारा पाय

मे महिन्यात बडोद्याहून आम्ही तंजावरला गेलो होतो. बृहदीश्वराच्या आवारातली फरसबंदी दुपारी तव्यासारखी तापते. लोक अनवाणी पायांनी, टाचा उचलत, एका सावलीतून दुसऱ्या सावलीकडे पळत होते. मी मात्र शिखराकडे पाहत सावकाश चाललो होतो. एका म्हाताऱ्या बाईंनी माझ्याकडे पाहून हात जोडले. माझ्या भक्तीला, बहुधा. संध्याकाळी खोलीतल्या फरशीवर ओले ठसे मुलीला दिसले. तिने मला खाटेवर बसवून तळवे पाहिले. दोन्हींवर फोड येऊन फुटले होते.

तेव्हा मी ४६ वर्षांचा होतो. मधुमेहात सर्वांत लांब नसा आधी जातात, म्हणून सुरुवात पायाच्या बोटांपासून होते आणि बधिरपणा मोज्यासारखा वर चढतो. डॉक्टरांनी मला डोळे मिटायला लावले होते. १० ग्रॅमच्या दाबाला वाकणारा नायलॉनचा तंतू ते तळव्याला टेकवणार होते. स्पर्श कळला की ‘हो’ म्हणायचं. मी वाट पाहत राहिलो. तपासणी संपली होती.

आपल्याकडे तितिक्षेची थोरवी फार. पण सोसायला आधी लागावं लागतं. त्या बाईंचा नमस्कार मी फुकट घेतला.

देकार्तने १६४१ च्या ‘मेडिटेशन्स’मध्ये, सहाव्या चिंतनात म्हटलंय की जहाजात नावाडी असावा तसा मी शरीरात नाही. तसा असतो तर इजा झाल्यावर मला दुखलं नसतं; जहाजाचं काही मोडलं की नावाड्याला ते डोळ्यांनी कळतं, तशी जखम मला नुसती कळली असती. म्हणजे घोट्याखाली मी नावाडीच झालो आहे. मग हा पाय माझा कशावरून?

तो पुरता गप्प असता तर एक वेळ चाललं असतं. रात्री पांघरुणाचा स्पर्शही निखाऱ्यासारखा होतो. दिवा लावून पाहावं तर काहीच नाही. जखमेची बातमी म्हणून ते दुखणं खोटं, पण दुखणं म्हणून अगदी खरं. दुपारी भाजलं तेव्हा हाच पाय काही बोलला नव्हता.

कुष्ठरोगात बोटं आपोआप गळत नाहीत, दुखत नाही म्हणून माणूस नकळत ती भाजून, कापून, झिजवून टाकतो, हे वेल्लोरला काम करताना डॉ. पॉल ब्रँड यांच्या ध्यानात आलं. पुढे अमेरिकेत त्यांनी धोक्याची सूचना देणारी साधनं करून पाहिली. नुसत्या आवाजाकडे रुग्ण लक्ष देईनात, म्हणून विजेचा झटका ठेवला. तेव्हा रुग्ण यंत्र बंद करून काम उरकू लागले. मला त्यांना हसवत नाही. माझ्याकडे हातआरसा आहे, रोज रात्री तळवे पाहायचे आहेत, आणि आठवड्यातून दोन-तीनदा मी टाळतो. जो ओरडत नाही त्याच्याकडे लक्ष देणं हे कर्तव्य आहे, असं मी माणसांबद्दल पुष्कळदा बोललो आहे.

तंजावरनंतर हे काम मुलीने घेतलं. आंघोळीचं पाणी ती आधी हात घालून पाहते, चपलेतला खडा झटकते. माझ्या पायाचं मला नाही तेवढं ज्ञान तिला आहे. मला ते सोयीचं वाटतं, आणि तीच माझी अडचण आहे. मदत घेण्यात कमीपणा नाही, हे मान्य; पण १७ वर्षांच्या मुलीने बापाची नस व्हावं का? तिला नको म्हणायला जागा कुठे ठेवली आहे मी? जूनमध्ये ती शिकायला हैदराबादला जाणार आहे, आणि तिथल्या वसतिगृहातून रोज रात्री व्हिडिओ कॉल करायचं तिने ठरवूनही टाकलंय.

काल तिने विचारलं, “बाबा, पाय बघितलेस?”

मी हो म्हणालो. बघितले नव्हते. ती काही न बोलता आरसा घेऊन आली आणि खाली बसली.