अटी घालून वाच

जळकोटच्या एका माळकरी घरातली मुलगी मुंबईला एका कॅथलिक महाविद्यालयात साहित्य शिकत होती. दुसऱ्या वर्षाला बायबलमधला ईयोबाचा ग्रंथ अभ्यासाला लागला आणि तिनं प्राचार्यांकडे अर्ज दिला: घटनेच्या कलम 28 प्रमाणे संमतीशिवाय धर्मशिक्षणाची सक्ती करता येत नाही, सबब या पेपरातून सूट मिळावी.

प्राचार्य फादर होते. म्हणाले, "चॅपलमध्ये येऊन गुडघे टेक म्हटलं तर हे कलम खुशाल माझ्यावर लाव. पण धर्म शिकवणं वेगळं आणि धर्माविषयी शिकवणं वेगळं. अरुणा रॉय खटल्यात 2002 साली सर्वोच्च न्यायालयानंच हा फरक केलाय. सुट्टीहून ये, मग बोलू."

दिवाळीत ती गावी आली. आजोबा, म्हणजे आबा, आपली बाजू घेतील, अशी तिची खात्री होती. आबा शेंगा फोडत होते.

"दोन हजार वीसला उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाला गेलो होतो," ते म्हणाले. "अध्यक्ष वसईचे फादर दिब्रिटो. बायबल सोप्या मराठीत आणणारा माणूस. पाद्री अध्यक्ष नको म्हणून केवढा गदारोळ! मी मांडवात बसून ऐकून आलो. माळ जागच्या जागी हाय."

"मांडवातून उठून जाता येतं, आबा. परीक्षेतून उठता येत नाही."

बोधकथेतले आजोबा सहसा हरत नाहीत. इथं मात्र पोरीचा मुद्दा बिनतोड होता आणि आबांनी तो मान्य केला. मग विचारलं, "पण गोष्ट काय हाय ती?"

तिनं सांगितली. ईयोब नावाचा सरळमार्गी माणूस. एका दिवसात त्याची गुरं गेली, घर कोसळून दहा मुलं मेली, पुढं अंगभर फोड उठले. तीन मित्र सांत्वनाला आले आणि त्यालाच म्हणू लागले, तू पाप केलं असशील.

आबांचा हात थांबला. "पुढं?"

"शेवटी देव त्या मित्रांवरच रागावतो."

"तीस सप्टेंबर 1993," आबा म्हणाले. "आदल्या दिवशी गणपती बुडवले अन् पहाटे चारच्या सुमाराला जमीन हलली. आम्ही सास्तूरला मदतीला गेलो. दगडमातीच्या रुंद भिंती, वर माळवदाचं ओझं. माणसं झोपेतच गाडली गेली. सास्तूर, किल्लारी, सगळ्या पट्ट्यात मिळून दहा हजारांच्या आसपास. आम्ही ढिगारा उपसतोय अन् एक शहाणा काठावर उभा राहून सांगतोय, गावानं काहीतरी पाप केलं असंल. त्याच्या हातात साधी पाटीसुद्धा नव्हती."

थोड्या वेळानं म्हणाले, "वाच ती गोष्ट. पण अटी घालून वाच. अणदूर अन् नळदुर्गचा खंडोबा एकच. या गावातून त्या गावात देव न्यायचा तर मानकरी लेखी करार करतात. देवाचं कागदावर येतं, मग तुझं का नको?"

सुट्टी संपल्यावर तिनं नवा अर्ज दिला. पेपर देईन. प्रार्थनेला येणार नाही. जे पटणार नाही ते उत्तरात लिहीन, त्यासाठी गुण कापू नयेत. फादरांनी सही केली आणि खाली स्वतःची एक अट घातली: न पटल्याचं कारण ग्रंथातूनच दाखवावं.

तिनं दाखवलं. शेवटी ईयोबाला गुरं दुप्पट मिळतात आणि पुन्हा दहा मुलं होतात. गुरांची भरपाई झाली, पण पहिल्या दहा मुलांचं काय? त्यांच्याबद्दल ग्रंथ पुढं अवाक्षर काढत नाही, असा तिचा आक्षेप होता. भूकंपानंतर पुनर्वसनाची पक्की घरं मिळालेली माणसं तिनं लहानपणापासून पाहिली होती. तेही तिनं दोन ओळींत लिहिलं. या उत्तराला तिला चांगले गुण मिळाले.

चॅपलमध्ये ती पदवी हाती येईपर्यंत गेली नाही आणि तिला कुणी बोलावलंही नाही. धर्मशिक्षणासारखीच प्रार्थनेचीही सक्ती संमतीशिवाय करता येत नाही, हेही कलम 28 चंच म्हणणं आहे.