शेजार आणि निर्भयता

अध्यापनाच्या निमित्ताने आम्ही काही वर्षे ओमानची राजधानी मस्कत येथे राहत होतो. त्या काळात स्वदेशातील आप्तेष्ट आम्हांस एकच प्रश्न पुनःपुन्हा विचारीत : 'त्या लोकांत राहताना तुम्हांस भीती नाही का वाटत?' प्रश्न मायेपोटी विचारलेला असे. तथापि त्याची थोडी मीमांसा करणे अगत्याचे आहे.

या प्रश्नात दोन भिन्न भीतींची गल्लत झालेली असते. पहिली भीती युद्धाची. ती निराधार नव्हे. ओमानला लागूनच येमेन आहे. २०१४ च्या सप्टेंबरात तेथील राजधानी सना बंडखोरांच्या हाती गेली आणि २०१५ च्या मार्चपासून त्या देशावर बाँबवर्षाव सुरू झाला. आखाती सहकार परिषदेच्या सहा राष्ट्रांपैकी एकटे ओमान त्या युद्धापासून अलिप्त राहिले. दुसरी भीती शेजाऱ्याच्या धर्माची. लढणारे मुसलमान आहेत, शेजारी मुसलमान आहे, म्हणून शेजाऱ्यापासून धोका आहे, हे ते अनुमान. आपले नैयायिक याला हेत्वाभास म्हणतील. येमेनमध्ये मेलेले बहुतेक लोकही मुसलमानच होते, हे या अनुमानात कोणी जमेस धरीत नाही.

आमचा अनुभव निराळा होता. रमजानात सूर्यास्ताच्या सुमारास शेजारच्या घरून खजुरांचे ताट येई. दिवाळीत आमच्या घरून फराळ जाई. जुन्या मस्कतात सुलतानाच्या राजवाड्यानजीक शिवमंदिर आहे आणि कच्छी व्यापाऱ्यांची कुटुंबे तेथे पिढ्यान्‌पिढ्या नांदत आली आहेत. परंतु एवढ्यावरून भाबडेपणा पत्करण्याचे कारण नाही. आमच्या निर्धास्तपणात शेजाऱ्यांच्या सौजन्याइतकाच कायद्याच्या धाकाचा आणि आमच्या पांढरपेशा पदाचाही वाटा होता. ज्याचा तेथील वास सर्वस्वी मालकाच्या मर्जीवर अवलंबून असतो, त्या मजुरास तितके निर्धास्त वाटत असेल असे आम्ही म्हणणार नाही.

शिवाय १५ जुलै २०२४ रोजी मस्कतच्याच वादी कबीर भागात एका शिया मशिदीवर हल्ला झाला. हल्लेखोर ओमानी होते. चार पाकिस्तानी, एक भारतीय आणि एक पोलीस त्यात प्राणास मुकले. मग आमची निर्भयता हा भ्रमच होता काय? आम्हांस तसे वाटत नाही. काही विपरीत घडणारच नाही अशी हमी म्हणजे निर्भयता नव्हे. तशी हमी पुण्यातही कोणी देऊ शकत नाही. विपरीत घडलेच तर शेजारचे दार आपल्यासाठी उघडेल, हा विश्वास म्हणजे निर्भयता.

आणि हा विश्वास अल्पसंख्याकास स्वतःच्या बळावर मिळविता येत नाही. तो बहुसंख्याकांनी द्यावयाचा असतो. मस्कतमध्ये आम्ही घेणारे होतो. महाराष्ट्रात आपण देणारे आहोत. मुंबईच्या १९९२-९३ च्या दंगलींत आपल्या नावाची पाटी दारावरून काढून ठेवावी लागलेली मुसलमान कुटुंबे होती. ज्या आप्तांनी आमची इतक्या आस्थेने चौकशी केली, त्यांच्यापैकी किती जणांनी आपल्याच आळीतील मुसलमान कुटुंबास कधी तोच प्रश्न विचारला असेल? परदेशी शेजाऱ्यांकडून आम्हांस जे मिळाले, त्याचे ऋण शब्दांनी फिटणारे नाही; ते येथेच, आपल्या दारी, फेडावयाचे आहे.