जखम कुणाची लाडकी असते?

लेझर करून घेतल्यावर गाल सुजतात, त्यातून पिवळसर लस पाझरते आणि मग बारीक, खरखरीत तपकिरी खपल्या धरतात. नेमक्या त्या दिवसांत नणंदेचा फोन आला. "वहिनी, पन्नाशी उलटल्यावर हे खूळ? आणि तुम्ही तर कॉलेजात देहाची आसक्ती वाईट म्हणून शिकवायचात!" तत्त्वज्ञान शिकवण्यात उमर गेलेली, त्यामुळे टोमणा बरोबर लागला.

हाच प्रश्न 'मिलिंदपञ्ह' या पाली ग्रंथात एका राजाने विचारलाय. इसवी सनपूर्व दुसऱ्या शतकातला ग्रीक राजा मिनँडर म्हणजेच मिलिंद. राजधानी सागल, आजचं सियालकोट. तो भिक्खू नागसेनाला अडवतो: तुम्हा संन्याशांना देह प्रिय नाही, तर मग त्याचे एवढे लाड कशाला? नागसेन उलट विचारतो, लढाईत कधी बाण लागला होता का? लागला होता. जखमेला मलम, तेल, मऊ कापडाची पट्टी केली होती? केली होती. मग ती जखम तुमची लाडकी होती का? राजा म्हणतो, छे, मांस भरून यावं म्हणून केलं ते सारं. नागसेन म्हणतो, आम्हीही देहाला तसंच सांभाळतो.

आता मलमाचं. माझ्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं: सौम्य फेसवॉशने हलक्या हाताने धुवा, चोळू नका, टिपून घ्या, वर पांढऱ्या व्हॅसलीनचा थर द्या, चेहरा कोरडा पडता कामा नये. हळद, बेसन, लिंबू काही नको. आपल्याकडे "जखम मोकळी ठेव, वारा लागू दे" हे आजीच्या तोंडचं. पण 1962 साली जॉर्ज विंटर यांनी डुकरांवर प्रयोग करून दाखवलं, की झाकून ओलसर ठेवलेल्या जखमेवर उघड्या जखमेच्या सुमारे दुप्पट वेगाने नवी त्वचा येते. मी करून घेतलेला फ्रॅक्शनल लेझर त्वचेत अतिसूक्ष्म छिद्रं पाडतो आणि मधली त्वचा शाबूत सोडतो. त्या शाबूत भागातून, केसांच्या मुळांजवळून पेशी सरकत येतात आणि छिद्रं भरतात. म्हणजे भरून आणणारी मी नव्हेच. माझं काम एवढंच, की मध्ये लुडबुड करायची नाही. निष्काम कर्मावर मी वर्षानुवर्षं तास घेतले, पण खाज सुटलेल्या गालापासून हात दूर ठेवणं हा त्यातला सगळ्यात अवघड धडा. बोट आपसूक खपलीकडे जातं. खपली ओढली की तिथे व्रण राहू शकतो, आणि आपल्या गव्हाळ-सावळ्या कातडीवर काळा डाग पडायची भीती तर जास्तच.

नागसेनाच्या दृष्टान्तात एक फट मात्र आहे. राजाला बाण शत्रूने मारला होता. मी पैसे मोजून मारून घेतला. विशीतल्या मुरुमांचे खड्डे बुजावेत ही माझी इच्छा होती; तिला मोह म्हणायचं तर खुशाल म्हणा, मी वाद घालणार नाही. पण जखम कुठून आली यावर तिची निगा अवलंबून नसते. आणि गंमत अशी, की तोंडाला व्हॅसलीन थापून मी घरभर हिंडत होते, दूधवाल्यासमोर तशीच जात होते, तेव्हा 'कशी दिसते' हा विचार मनाला शिवलासुद्धा नाही. तो परतला त्वचा भरून आल्यावर. खिडकीपाशी गाल तिरपा करून उजेडात खड्डे पाहायची सवय लागली, आणि नागसेन ज्याला आसक्ती म्हणेल ती खरी तिथे. नणंदेला मी हे सांगितलं. तिला पटलं नाही.

तुमच्या घरी कुणी असं करून आलं असेल, तर "काय फरक पडला?" असं लगेच विचारू नका. खोलवर नवं कोलॅजन तयार व्हायला काही महिने जातात. विचारायचंच असेल तर काळे डाग टाळायला दुपारी सनस्क्रीन पुन्हा लावलं का, ते विचारा.