कारागिराची सचोटी आणि गृहस्थाची क्षमा

धर्माचे प्रश्न केवळ मोठ्या प्रसंगी उपस्थित होतात, असा पुष्कळांचा समज असतो. वस्तुतः गृहस्थाच्या धर्माची परीक्षा रणांगणापेक्षा बाजारातच अधिक वेळा होते. ज्या विद्येत आपल्याला गती नाही, त्या विद्येच्या जाणकारावर विश्वास ठेवणे गृहस्थाला भागच असते. तो जाणकारच वारंवार फसवू लागला, तर क्षमा करून स्वस्थ बसावे, की जाब विचारावा? मोटारगाडीची दुरुस्ती हे या प्रश्नाचे नित्य अनुभवाचे उदाहरण आहे.

इंजिनाची गती चाकांकडे नेणारी दंतचक्रे गिअरबॉक्स नावाच्या बंद पेटीत तेलाच्या आश्रयाने फिरत असतात. हे तेल आत राखणारे सील झिजले की ते थेंबाथेंबाने गळते. तेल उणे झाले की चक्रे घासू लागतात आणि आवाज येतो. उलट, कधी पेटी निर्दोष असते, पण क्लच पूर्ण सुटत नाही, त्यामुळे गिअर टाकताना तशीच खरखर होते. लक्षण सारखे आणि कारणे निराळी. वैद्यकाप्रमाणे येथेही निदानालाच खरे मोल आहे.

म्हैसूरच्या एखाद्या गृहस्थाची कल्पना करावी. चामुंडी टेकडीच्या चढावर गाडी कुरकुरते. दुरुस्तीवाला सील न बदलता नुसते तेल भरून देतो. महिन्याभरात दोष परत येतो. दुसरा दुरुस्तीवाला, क्लचच्या लहानशा जुळणीने भागणारे काम असताना, सबंध पेटी उघडावी लागेल असे सांगून मोठी रक्कम घेतो. पेटीच्या आत काय झाले हे गृहस्थाला दिसत नाही. दिसते ते एवढेच की पैसा गेला आणि खरखर राहिली.

अशा वेळी मनापुढे दोन वाटा येतात आणि दोन्ही निसरड्या आहेत. पहिली वाट क्रोधाची. क्रोधातून संमोह, संमोहातून स्मृतिभ्रंश आणि त्यातून बुद्धिनाश, ही परंपरा श्रीभगवंतांनी दुसऱ्या अध्यायात सांगितली आहे. क्रोधाच्या भरात गृहस्थ समस्त कारागीरवर्गालाच चोर ठरवितो, आणि उद्या एखादा प्रामाणिक कारागीर खरे निदान सांगू लागला, तरी त्याचे ऐकण्याची शक्ती गमावून बसतो. एका लबाडाने पैसा नेला होता. संशयाने विवेकही नेला.

दुसरी वाट उदासीनतेची. ‘जाऊ द्या, त्याचे कर्म त्याच्यापाशी’ असे म्हणून गृहस्थ घरी येतो आणि त्यालाच क्षमा समजतो. सोळाव्या अध्यायातील दैवी संपत्तीत क्षमेची गणना आहे हे खरे; परंतु त्याच संपत्तीचा आरंभ अभयाने झाला आहे. वाद नको म्हणून धरलेले मौन भयाच्या पोटी जन्मते. कर्तव्यापासून मागे सरणाऱ्या अर्जुनाच्या करुणेलाही भगवंतांनी सद्गुण मानले नाही, हृदयाचे दौर्बल्यच म्हटले. शिवाय क्षमा आपल्या स्वतःच्या हानीपुरतीच करता येते. त्याच दुकानात उद्या जाणाऱ्या गिऱ्हाइकाच्या हानीची क्षमा करण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला? आणि येथे हानी केवळ द्रव्याची नाही. म्हैसूरहून बंदीपूर, मसिनगुडीमार्गे उटीस जाणाऱ्या वाटेवर कलहट्टीच्या घाटात ३६ अवघड वळणे आहेत. उतरताना गाडी खालच्या गिअरात धरावी लागते. तेथे गिअर निसटला तर सर्व भार ब्रेकवर येतो आणि गाडीतील माणसांचे प्राण पणास लागतात.

आपल्या शास्त्रकारांनी हा विषय केवळ सद्भावनेवर सोडलेला नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्राची लुप्त मानलेली पोथी याच म्हैसूरच्या प्राच्य ग्रंथालयात १९०५ साली पंडित शामशास्त्री यांच्या हाती आली आणि १९०९ साली त्यांनी ती छापून प्रसिद्ध केली. त्या ग्रंथाच्या ‘कंटकशोधन’ नामक चौथ्या अधिकरणाचा आरंभच कारागिरांपासून प्रजेचे रक्षण कसे करावे या विषयाने होतो. ठरल्याहून निराळे काम करणाऱ्याचे वेतन बुडावे आणि वर त्याच्या दुप्पट दंड व्हावा, असे तेथे विधान आहे. धुण्यास आलेले लोकांचे वस्त्र स्वतः नेसणाऱ्या परिटालाही दंड सांगितला आहे. कारागीर हा समाजाचा आधार आहे, म्हणूनच त्याच्या सचोटीची काळजी राज्याने वाहावी, हा त्यातील अभिप्राय होय. आजच्या काळी २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा हेच कार्य करतो. सेवेतील उणिवेबद्दल दोन वर्षांच्या आत जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते, आणि बिल न देणे ही त्या कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा ठरविली आहे.

परंतु येथे गृहस्थाने स्वतःकडेही पाहिले पाहिजे. ‘बिल नको, कर वाचवा, काहीतरी कमी करा,’ असे म्हणणारा पुष्कळदा तोच असतो. राज्याचा कर बुडविण्यात ज्याला भागीदार केले, त्याने आपल्याशी मात्र सत्याने वागावे ही अपेक्षा कोणत्या न्यायाची? तिसऱ्या अध्यायात यज्ञचक्राचे वर्णन करताना, दिल्यावाचून भोगणाऱ्याला भगवंतांनी चोर म्हटले आहे. तो शब्द दुकानदाराला लावण्यापूर्वी आपल्याला लागतो का, हे तपासणे श्रेयस्कर.

आता कारागिराचा पक्ष. म्हैसूरच्या दसऱ्यात महानवमीस आयुधपूजा होते. आपल्याकडे ती खंडेनवमी. त्या दिवशी गॅरेजमध्ये पाने, जॅक, हातोडे स्वच्छ करून त्यांना हळदकुंकू वाहतात, वाहनांना झेंडूच्या माळा घालतात. स्वकर्मानेच परमेश्वराची पूजा करून मनुष्य सिद्धी पावतो, असे अठराव्या अध्यायात सांगितले आहे. मग नवमीस पुजलेल्या त्याच पान्याने दशमीनंतर निर्दोष भाग उघडून खोटी मजुरी लावली, तर ती पूजा कोणास पोचली? महाभारताच्या शांतिपर्वात तपस्वी जाजलीला धर्म शिकण्यासाठी काशीच्या तुलाधार नावाच्या वाण्याकडे जावे लागले. त्या वाण्याचे तप एवढेच की त्याचा तराजू सर्वांना सारखा होता. आणि द्रोणपर्वात, जयद्रथवधाच्या दिवशी, प्रत्यक्ष श्रीकृष्णांनी भर रणात घोडे सोडले, त्यांच्या अंगातील बाण आपल्या हातांनी उपटले, त्यांना पाणी पाजले. शल्य जेथे रुतले होते तेथेच हात गेला. वाहनाची सेवा कशी करावी, याचा याहून थोर आदर्श कारागिराला कोठे मिळणार?

तात्पर्य, गृहस्थाने काम सुरू होण्यापूर्वी दोषाचे कारण आणि खर्च लेखी मागावा. बदललेला जुना भाग परत मागावा, बिल घ्यावे आणि योग्य मजुरी घासाघीस न करता द्यावी. दोष परतला तर प्रथम त्याच कारागिरासमोर बसून बोलावे, पाठीमागे निंदा करू नये. सतराव्या अध्यायातील वाङ्मय तप येथेच आचरायचे आहे: बोलणे उद्वेग न आणणारे, सत्य, प्रिय आणि हितकर असावे. तरीही न्याय न मिळाल्यास शांत चित्ताने आयोगाकडे जावे. आणि प्रामाणिक कारागीर भेटला, तर त्याचे नाव दहा जणांस सांगावे, कारण सचोटीचे रक्षण करणे हाही ग्राहकाचाच धर्म आहे. अंतःकरणातून द्वेष काढून टाकणे ही क्षमा. हिशेब सोडून देणे ही क्षमा नव्हे. द्वेष सोडून हिशेब मागता येणे, हाच व्यवहारातील योग होय.